गिरक्या सशाची गोधडी

मी गिरक्या. मी एक ससा. माझी मान वाकडी. निघतो सरळ, जातो गोल. मग पडतो, धप्प! हसा, हसा. मीसुद्धा हसतो.

मी सुगंधामावशीकडे राहायचो. कुणी टाकून दिलेले ससे ती घरी आणते. कुणाला पाय तीन. कुणाचे दात वाकडे. मी आणि कापशी एका खोक्यात. कापशीला डोळा एकच. आम्ही अंगाला अंग लावून झोपायचो.

एके दिवशी यमूताई आली. तिने कापशीला घरी नेलं. खोकं झालं रिकामं. रिकामं कसलं, मी होतो की आत. पण मला फार वाईट वाटलं.

मग मी निघालो यमूताईकडे.
टुणुक टुणुक, गोल गोल, धप्प!

"यमूताई, यमूताई, मलाही घरात घे."

यमूताई म्हणाली, "घेईन की रे. पण माझी फरशी टणक. तू पडणार, तुला लागणार. आधी गोधडी आण."

मी पडणार नाही, असं सांगणार होतो. तेवढ्यात पडलो.

मी निघालो सोनाकाकूकडे. ती गोधड्या शिवते.
टुणुक टुणुक, गोल गोल, धप्प!

"सोनाकाकू, सोनाकाकू, गोधडी शिव.
गोधडी होईना,
घर मिळेना."

सोनाकाकू म्हणाली, "शिवते बाळा. पण कात्री अडकलीय. आधी तेल आण."

मी निघालो तेल आणायला.
टुणुक टुणुक, गोल गोल, धप्प!
वर बघितलं. समोर कोण? सोनाकाकूच.

"अरे, आत्ताच गेलास ना?"

"गेलो होतो," मी म्हणालो. "आता परत जातो."

शेवटी पोचलो धोंडूकाकाकडे. त्याचा तेलाचा घाणा. बैल गोल फिरतो, दाणे भरडले जातात, तेल निघतं.

"धोंडूकाका, धोंडूकाका, तेल दे.
कात्री उघडेना,
गोधडी होईना,
घर मिळेना."

धोंडूकाका म्हणाला, "कुठून देऊ? बैल बसलाय हटून. तो फिरला तर तेल. तूच सांग त्याला."

बैल होता चार पावलांवर. मला लागल्या दहा गिरक्या.
टुणुक टुणुक, गोल गोल, धप्प!

"ढवळ्यादादा, ढवळ्यादादा, ऊठ ना, फिर ना.
तेल निघेना,
कात्री उघडेना,
गोधडी होईना,
घर मिळेना."

ढवळ्या म्हणाला, "फुर्रर्र! रोज मी एकटाच फिरतो. गोल, गोल आणि गोल. कंटाळलो बाबा. सोबत कुणी आलं तर फिरेन. पण असं गोल कोण फिरणार?"

माझे कान ताठ झाले.

"दादा," मी म्हणालो, "मला तेवढंच येतं."

ढवळ्या उठला. पुढे ढवळ्या, मागे मी.
छुम छुम, टुणुक टुणुक.
कर्र कर्र, गोल गोल.
मी एकदाही पडलो नाही. बरं, दोनदा पडलो.

आणि मग काय!
बैल फिरला,
तेल निघालं,
कात्री उघडली, कच्च कच्च,
गोधडी झाली, लाल लाल, मऊ मऊ.

सोनाकाकूने गोधडी घेतली काखेत. मला घेतलं कडेवर. म्हणाली, "तू चालू नकोस राजा. आपल्याला आजच पोचायचंय."

यमूताईने फरशीवर गोधडी पसरली. मग माझ्याकडे बघितलं. तिने आपलीही मान वाकडी केली, अगदी माझ्यासारखी.

"हं," ती म्हणाली, "आता दिसलास सरळ. ये घरात."

घर मिळालं!

गोधडीवर कापशी बसली होती. एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती.

"किती उशीर केलास," ती म्हणाली.

"सरळ आलो असतो, तर लवकर आलो असतो."

"सरळ आला असतास," कापशी म्हणाली, "तर बैल फिरला असता का?"

मी विचार करायला लागलो. विचारही गोल गोलच गेला. मग मी पडलो. पण धप्प झालं नाही. मऊ मऊ झालं.

आम्ही अंगाला अंग लावलं, आणि झोपलो.

गोष्ट फिरली गोल गोल, गोधडीवर येऊन निजली.