पोथी आणि खराटा

“पान उडून गेल्यावर तू काय वाचत होतास?”

दादामहाराजांनी असं विचारलं, तेव्हा अच्युत खांद्याला पडशी लावून मठाच्या दारात उभा होता. निघालाच होता तो.

गिरणाकाठच्या त्या मठात श्रावणभर पोथी लागते. जुनी, सुट्या पानांची. त्या वर्षी वाचनाचा मान अच्युतला मिळाला होता. आवाज खणखणीत. कुणाशी फारसं बोलायचा नाही. लोक त्याला ताठा म्हणत. मला ती भीती वाटे. माझं चुकतही असेल.

त्या सकाळी ऐन अध्यायात वारा आला. समोरचं पान उडून बायकांच्या रांगेत पडलं. अच्युतच्या ध्यानातच आलं नाही. खालच्या पानाकडे बघत तो उडालेलं पान म्हणत राहिला. एक म्हातारी पान परत द्यायला उठली, तरी थांबला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “बुवांना पान लागतच नाही वाटतं.” लोक हसले.

“काहीच वाचत नव्हतो,” अच्युत म्हणाला. “मला नीट वाचता येत नाही, महाराज.”

मग त्याने सगळं सांगितलं. ओळीवर डोळा ठेवला की अक्षरं एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. ती जागेवर आणावीत, तर तोवर मन उठून छपरावरच्या कबुतरांमागे गेलेलं असतं. मन ओढून आणावं, तर ओळ हरवलेली. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोन नावं सांगितली होती, डिस्लेक्सिया आणि एडीएचडी. एकाच माणसात दोन्ही असणं नवलाचं नाही, म्हणाल्या होत्या.

“यांतलं आधी कुठलं घालवू?”

“पाहुणे आहेत का ते?”

“नाही. जन्माचे आहेत म्हणाल्या.”

“मग घरचेच की.”

अच्युतने पडशी खांद्यावर सावरली.

“पाठ कशी झाली पोथी?”

पहाटे मठातले जुने वाचक विष्णुपंत माजघरात पोथी वाचत, तेव्हा अच्युत अंगण झाडत असे. हात चालू असला की मन बसतं, तो म्हणाला. मांडी घालून, हात जोडून बसलं की ते उधळतं. आणि व्यासपीठावर तर हलायचं नाही, हा मठाचा नेमच.

महाराज उठले. अंगणातला खराटा त्यांनी उचलला. आत जाऊन तो व्यासपीठावर, पोथीच्या शेजारी ठेवला.

अच्युतने कानाला हात लावले. “महाराज, पोथीजवळ खराटा?”

महाराजांनी पोथी कापडात बांधली. ती विष्णुपंतांच्या आसनावर ठेवली आणि खराटा अच्युतच्या हातात दिला.

“उद्या अंगणात सांग. चुकलास तर विष्णुपंत टोकेल.”

“मग मी वाचत नाही, हे सगळ्यांना कळेल.”

“पानाला आजच कळलं.”

अच्युतला हसू आलं. मग डोळे भरले. पडशी अजून खांद्यावरच होती. बराच वेळ तो खराट्याच्या काड्यांवरून बोट फिरवत राहिला...

“आणि मी झाडत असताना लोक बसतील कुठे?”

महाराजांनी त्याच्या खांद्यावरची पडशी काढून खुंटीला लावली.

“जिथे झाडून झालं असेल, तिथे.”