काम कोणी सोडलं?

राजेसाहेबांच्या मनात आलं आणि तंबू शिवायचा सरकारी कारखाना उठला, तो सात दिवसांच्या वाटेवर नव्या राजधानीत जाऊन बसला. काही शिंपिणी मागेच राहिल्या, त्यांत सगुणा. पदरात अडीच महिन्यांचं लेकरू, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. जाणार कशी?

राज्याचा कायदा असा, की सरकारनं ज्याचं काम काढून घेतलं त्याला कोठारातून सहा महिने धान्य. आपणहून सोडलं त्याला दाणाही नाही. कारखान्याचे कारभारी विसाजीपंत यांनी तिकडून निरोप धाडला, की सगुणानं काम आपणहून सोडलंय, काही देऊ नका.

घरातली ज्वारी तळाला गेली. अंगावरचं दूध आटायला लागलं, तशी सगुणाची झोप उडाली. सुगीच्या पाहणीला राजेसाहेब पंतांना घेऊन गावात आले, त्या सकाळीच ती लेकराला काखोटीला मारून चावडीवर उभी राहिली.

राजेसाहेब हट्टी. म्हणाले, "कारखाना चालू, तुझी जागा रिकामी. मग काम कोणी सोडलं?"

"मी नाही, महाराज. मी होते तिथंच आहे. गेले ते पंत."

राजेसाहेबांना गंमत वाटली. हेच पंतांनी आपल्या तोंडानं कबूल केलं तर धान्य मिळेल, अशी त्यांनी अट घातली. पंत मिशीत हसले. आजवर त्यांच्याकडून कुणी काही कबूल करून घेतलं नव्हतं.

सगुणानं लेकरू दुसऱ्या काखेत घेतलं. "पंत, गाड्या निघाल्या त्या दिवशी मी तुमच्या हातावर दही घातलं होतं ना?"

"घातलं होतं की. वर साखरही होती. म्हणून तर वाटेत एकही चाक मोडलं नाही."

"मग तुम्ही माझ्या हातावर का नाही घातलं?"

"अगं वेडे, दही निघणाऱ्याच्या हातावर घालतात! तू कुठं निघाली होतीस? निघालो होतो आम्ही..."

पंतांनी जीभ चावली.

"आणि दही चाटून काय म्हणालात?"

"येतो म्हणालो," पंत पुटपुटले.

सगुणा राजेसाहेबांकडे वळली. "तेव्हापासून वाट बघतेय, महाराज. मी कामावर हजर आहे, काम तेवढं अजून आलेलं नाही!"

राजेसाहेब असे खदखदून हसले की लेकरू दचकून रडायला लागलं. मागे राहिलेल्या सगळ्याच शिंपिणींना त्यांनी सहा महिन्यांचं धान्य लावून दिलं. सगुणाला वर एक दुभती म्हैस दिली, आणि ती दावं धरून घरापर्यंत पोचवायचं काम दिलं विसाजीपंतांना.