खरकट्याच्या रांजणाची कहाणी

हातात अक्षता घ्या बायांनो, आणि कहाणी संपेतो कुणी उठू नका. मागच्या दोघींनी कुजबुज पुरे करावी. ऐक गे काळी आई, तुझी कहाणी.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं राजा होता, राणी होती, आणि वेशीबाहेर एक उकिरडा होता. घरोघरच्या बाया सकाळी उठत, सालं-देठं, खरकटं सुपात घेत, उकिरड्यावर टाकत, पदराला हात पुसत घरी येत. उकिरडा वाढला. आधी गुडघ्याएवढा झाला, मग माणसाएवढा झाला, मग वेशीच्या कमानीला लागला. उन्हाळ्यात तो आतून धुमसे. त्याची राख शेतावर पडे, विहिरीत पडे. माती भाजून निघाली. राणीनं नवरात्रात घट बसवला, घटाखालचं धान्य रुजलं नाही. दुसऱ्या वर्षी बसवला, तेव्हाही रुजलं नाही. राणीच्या जिवाला घोर लागला.

उकिरड्याला लागून एका कोष्ट्याचं घर होतं. त्याच्या बायकोचं नाव येसू. तिच्या हातचं लोणचं तीन वर्षं टिकायचं, असा तिचा लौकिक. घरात सासू होती, तिची जीभ त्या लोणच्याहून तिखट. आणि घराच्या मधोमध माग होता, जमिनीत खणलेला. नवरा खड्ड्यात पाय सोडून विणायला बसे, तेव्हा तिघांची पोटं भरत.

ज्येष्ठात राजानं दवंडी पिटवली. उकिरड्याला जागा पुरत नाही. दसऱ्याला कोष्ट्याचं घर पाडायचं आणि ती जागा उकिरड्याला द्यायची. येसू मागाच्या खड्ड्याशी येऊन बसली. भांडीकुंडी डोक्यावर घेता येतात, पण जमिनीतला माग कसा उचलायचा? परक्या जागेत खड्डा कोण खणू देणार? नवरा हातात विणायचा धोटा धरून नुसता बसून राहिला.

मग ज्येष्ठी अवसेला भर दुपारी एक म्हातारी दारात आली. अंगाला मातीचा वास, केसांत पाचोळा. येसूनं तिला पाणी दिलं, गूळ दिला. म्हातारी म्हणाली, "मुली, डोळे का गं सुजले?" येसूनं सारं सांगितलं. मग म्हातारी म्हणाली, "माझा वसा घेशील?"

"काय वसा असतो तो सांगा. मी घेते."

"घरातलं एखादं मोडकं भांडं घ्यावं. त्यात ओंजळभर माती घालावी. रोजचं सालपट, रोजचं देठ उकिरड्यावर न टाकता त्यात घालावं. त्याची माती होईल. त्या मातीत राणीचा घट रुजेल. मग राजाकडे काय मागायचं ते माग. घेतल्या वशाचा कंटाळा करू नकोस, अर्ध्यावर टाकू नकोस." एवढं बोलून म्हातारी गेली. कुठल्या वाटेनं गेली ते दिसलं नाही.

आता येसूला भांडं सांभाळायची एकच तऱ्हा ठाऊक. तिनं तडा गेलेली लोणच्याची बरणी घेतली. माती घातली, सालं घातली, किडू नयेत म्हणून वर मूठभर मीठ पेरलं. मग तोंडाला फडक्याचा दादरा करकचून बांधला, ओला हात म्हणून लागू दिला नाही. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्या जणींनी हेच केलं असतं. आषाढ सरला. दादरा सोडला तर सालं होती तशीच, मिठात आक्रसलेली. मातीतलं गांडूळ तेवढं मरून पडलं होतं.

मग तिनं तेलाचा रिकामा डबा घेतला. मीठ वगळलं, पण झाकण गच्च लावलं. डब्याला भोकं पाडावीत हे तिच्या मनातही आलं नाही. जन्मभर डबा गळू नये म्हणून जपलेला. ओल्यावर ओलं पडत गेलं. नारळी पौर्णिमेला झाकण उघडलं, तर आत काळं पाणी, वर अळ्या, आणि वास असा की शेजारणींनी दारं लावली. सासू म्हणाली, "राजा दसऱ्याला घर घेणार. तुझ्या वासानं ते आजच जाईल." तिनं डबा उचलला आणि नेऊन उकिरड्यावर पालथा केला.

दीड महिना गेला, दीड महिना उरला, हाती काही नाही. येसू परसात बसून रडली. तो पुढ्यात म्हातारी उभी. येसू म्हणाली, "आई, मी जिवापाड जपलं. माझं चुकलं कुठं?"

म्हातारी म्हणाली, "अगं, लोणचं कोंडून मुरतं. हे कोंडलंस तर मरतं. याला जीव आहे. त्याला वारा लागू दे, पाण्याला वाट दे, ओल्यावर कोरडं घाल. आणि ऊठ, रडायला दिवस कुठं आहेत?"

मग येसूनं परसातला फुटका रांजण घेतला. बुडाला भोकं पाडली, कुशीला भोकं पाडली. तळाशी नारळाच्या शेंड्या घातल्या, वर माती, माती‌वर सालं, सालांवर वाळका पाला. आंबट ताक शिंपडलं. दर तिसऱ्या दिवशी काठीनं खालवर करी. पाऊस आला की वर घमेलं पालथं घाली. आठ दिवस काही झालं नाही. पंधरा दिवसांनी रांजण हाताला कोमट लागला. सासूनंही हात लावून बघितला. दुसऱ्या दिवसापासून ती पदरातून वाळका पाला आणू लागली. भाद्रपद सरता सरता वास पालटला, नांगरलेल्या शेताचा यावा तसा झाला. माती झाली होती, काळी आणि भुसभुशीत.

घटस्थापनेला येसू सुपात माती घेऊन वाड्यावर गेली. दासींनी अडवलं, "खरकट्याची माती देवीपुढं? विटाळ होईल." येसू राजाला म्हणाली, "या मातीत घट रुजेल. रुजला तर माझं घर राखा." राजाला राग आला. तो म्हणाला, "घट रुजला तर घर तुझं. नाही रुजला, तर दसऱ्याचीही वाट बघणार नाही. चौथ्या दिवशी कुदळी घरावर." राणी म्हणाली, "चांगल्या मातीत दोन वर्षं काय उगवलं? घाला ती माती."

माती घातली, धान्य पेरलं, पाणी शिंपडलं. येसू घटापुढं बसली ती उठली नाही. पहिली माळ चढली, काही नाही. दुसरी माळ चढली, काही नाही. तिसरी माळ चढली, तरी काही नाही. तिकडे नवऱ्यानं अर्धं विणलेलं लुगडं मागावरून कापून काढलं. सासूनं देव टोपलीत भरले. चौथ्या दिवशी सकाळी कुदळवाले दारात उभे राहिले. आणि इकडे माती हलली. एक ढेकूळ उचललं गेलं, खालून पांढरं टोक वर आलं. मग दुसरं आलं, मग तिसरं. राणीनं येसूचा हात धरला आणि दोघी रडल्या. राजानं स्वार धाडून कुदळवाले परत बोलावले.

मग राजा म्हणाला, "घर तुझं राहिलं. उकिरडा आता कुंभारआळीकडे वळवतो."

येसूनं मुकाट घरी जावं की नाही? पण तिचा पाय निघेना. ती म्हणाली, "महाराज, मग कुंभारणीनं कुठं जायचं?"

"मग उकिरडा ठेवू कुठं? तुझ्या डोक्यावर?"

"ज्या घरचं देठ त्या घरात राहू दे. घरोघरी एक फुटकं भांडं असतंच."

राजाचा आवाज चढला. "हे अख्ख्या नगराला कोण ऐकवणार? बायकांनी ऐकलं नाही तर तुझं घर परत जाईल. आहे कबूल?"

मिळालेलं घर हातचं जात होतं. तरी ती म्हणाली, "कबूल."

दासींनी माना खाली घातल्या. मग राणी उठली, मुदपाकखान्यात गेली, एक चेपलेला, कान तुटलेला हंडा घेऊन आली आणि येसूपुढं जमिनीवर बसली. म्हणाली, "खिळा दे गं. भोकं किती पाडायची ते दाखव."

राणीनं केलं ते दासींनी केलं, दासींनी केलं ते नगरानं केलं. उकिरडा उपाशी राहिला, खचला, एका पावसाळ्यात भुईसपाट झाला.

जशी काळी आई येसूला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. कुणाचं घर कुणाच्या कचऱ्याखाली न जावो. साठ उत्तरांत सांगायची कहाणी पाच उत्तरांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. आता अक्षता वाहा. आणि निर्माल्य घेऊन कुठं निघालात? त्या कोपऱ्यातल्या माठात टाका.