सोन्याचा षड्ज

एका राज्यात धातूंना गळा होता. तांबे गात असे, लोखंड गात असे, कथील आणि शिसेही आपापल्या परीने गुणगुणत असत. तिथे कुणी आजारी पडले तर त्याला नादशाळेत नेत. नादशाळेच्या छताला निरनिराळ्या धातूंच्या थाळ्या टांगलेल्या असत. रोग्याला खाली निजवून नादवैद्य एखाद्या थाळीला हलकेच बोट लावी. रक्त फिके पडले असेल तर लोखंडाच्या, सांधे धरले असतील तर तांब्याच्या, मन चळले असेल तर रुप्याच्या. थाळी वर गाई, आणि रोग्याच्या देहात त्याच धातूचा जो कण दडलेला असे तो आतून ओ देई. ओ आली की दुखणे निघून जाई. याचे कुणाला नवल वाटत नसे.

या साऱ्या सुरांचा षड्ज सोन्याचा होता. सोन्याने सा लावावा आणि बाकीच्यांनी त्यावरून आपली जागा धरावी, अशी रीत होती.

राजकन्या सुवेला तेव्हा लहान होती. दुपारी नादशाळेच्या गार फरशीवर ती पालथी पडून राही. राणी मधुमती तिला थोपटत अंगाई गाई, आणि राणी गाऊ लागली की वरची सोन्याची थाळी कुणी न वाजवताच थरथरू लागे. राणीचा आवाज आणि सोन्याचा सूर एकच होता. दासी गोमती दाराशी बसून वाळ्याचा पडदा विणत असे आणि म्हणत असे, "राणीसाहेब गातात की थाळी गाते, देवालाच ठाऊक."

पुढे राजपुत्र चंद्रकेतू जन्मला आणि त्याच बाळंतपणात राणी गेली.

राजा धवलकीर्ती दिवसचे दिवस नादशाळेत बसू लागला. सोन्याची थाळी वाजली की त्याला राणी बोलल्याचा भास होई. मग रोगी आत आले की त्याला खपेना. ज्या सुरात आपली राणी आहे तो सूर कुणी ऐऱ्यागैऱ्याने का ऐकावा? शेवटी त्याने कालकंठ नावाच्या मांत्रिकाला बोलावले.

"राज्यातले सगळे सोने एका भुयारात ठेव," राजा म्हणाला. "त्याचा सूर मला एकट्याला ऐकू यावा."

"महाराज, कोंडलेला सूर मुका होतो."

"ही आमची आज्ञा आहे."

कालकंठाने मंत्र घातला. राजा भुयारात शिरला, दार मिटले, आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याच घटकेला राज्यातला धातू न् धातू गप्प झाला. घंटा हलत, पण वाजत नसत. पैंजणे पायांत नुसती ओझ्यासारखी राहिली.

वर्षे लोटली. सुवेलेच्या केसांत रुपेरी छटा आली. चंद्रकेतू गादीवर बसला. तो भला राजा होता, पण त्याच्या राज्यात एक विचित्र दुखणे पसरत चालले होते. माणसाचे पाय जड होत, मग हात, मग जीभ. देहातल्या धातूंना वरून साद येईना, म्हणून ते आतल्या आत थिजत होते. लोक त्याला जडव्याधी म्हणत. एके सकाळी खुद्द चंद्रकेतूला सिंहासनावरून उठता आले नाही.

"अक्का," तो बहिणीला म्हणाला, "माझे पाय माझे राहिले नाहीत."

सुवेलेने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा दगडासारखा थंड होता. तिने अंगावरची शाल आवळली, घोडा मागवला आणि ती गंधकाच्या दरीकडे निघाली. कालकंठ तिथे राहत असे.

दरीत पिवळा धूर भरून राहिला होता. कालकंठ एका खडकावर बसला होता. तो फार म्हातारा झाला होता, आणि त्याचा आवाज वाळल्या पानासारखा होता.

"मंत्र मी घातला," तो म्हणाला, "पण तो मला सोडवता येत नाही. तीन कामे करशील?"

"करीन."

"सोन्याचा सोबती तांबे. त्याचा सूर तांब्याच्या टेकडीवरल्या भारद्वाज पक्ष्याच्या गळ्यात आहे, तो आण. सोन्याला विरघळवतो तो पारा. त्याचा सूर दूरच्या डोंगरातल्या तळ्यात आहे, तोही आण. मग भुयारात जा. तिसरे काम काय ते तिथे गेल्यावर कळेल."

"आता का सांगत नाही?"

"आता सांगितले, तर तू पहिलीही दोन करणार नाहीस," मांत्रिक म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

तांब्याच्या टेकडीवर एकच वठलेले झाड होते. त्यावर भारद्वाज बसला होता. त्याचे पंख तांब्याचे होते आणि डोळे गुंजेसारखे लाल. तो घुमत होता, थांबत होता, मान वाकडी करून ऐकत होता आणि पुन्हा घुमत होता.

"पक्षिराज, तांब्याचा सूर मागायला आले आहे."

"सगळे मागायलाच येतात," भारद्वाज म्हणाला. "सूर मुके झाले त्या दिवशी एवढा एक माझ्या गळ्यात येऊन लपला. तेव्हापासून साद घालतो आहे. कुणी ओ देत नाही. तू ओ दे. मी थांबेन तेव्हाच थांबायचे."

सुवेला झाडाखाली बसली. पक्षी घुमला, तिने तोच सूर लावला. पक्षी पुन्हा घुमला, तिने पुन्हा लावला. ऊन चढले. घसा कोरडा पडला, मग सोलवटला. तिला वाटले, हे पाखरू आपली परीक्षा पाहते आहे. पण दुपार कलली तसा पक्ष्याच्या घुमण्यातले आर्जव कमी होत गेले, आणि तिला उमगले, की त्याला परीक्षा घ्यायचीच नव्हती, नुसती सोबत हवी होती. मग तिने घशाची पर्वा सोडली. सावल्या लांब झाल्या तेव्हा भारद्वाज फांदीवरून उतरून तिच्या मांडीशी येऊन बसला.

"पुरे," तो म्हणाला. "बरे वाटले." आणि त्याने पंखातले एक पीस उपटून तिला दिले. पीस हातात घेताच तिच्या तळव्याला मंद थरथर जाणवली. कितीतरी वर्षांनी तिने धातू गाताना ऐकला होता. तिला तिथेच रडू फुटले. पक्षी दुसरीकडे पाहत राहिला.

पाऱ्याचे तळे डोंगराच्या पोटात, एका मोठ्या खोलगट जागी होते. ते आरशासारखे निश्चल होते. काठावर माणसेच माणसे बसली होती, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हते. त्यांच्या खांद्यांवर शेवाळ धरले होते. कुणाच्या मांडीत गवत उगवले होते.

सुवेला काठाशी वाकली. तळ्यात तिचा चेहरा दिसला नाही. तिला नादशाळेची गार फरशी दिसली. दाराशी तरणीताठी गोमती वाळ्याचा पडदा विणत होती. खांबाला टेकून राजा धवलकीर्ती उभा होता, अजून काळ्या केसांचा, आणि हसत होता. थाळ्यांखाली राणी मधुमती पाठमोरी बसली होती. तिच्या अंबाड्यातले बकुळीचे वळेसर थोडे सुटले होते. तो सुटलेला सर सुवेला पार विसरून गेली होती.

राणी हळूहळू मान वळवू लागली.

सुवेलेला कळले, ही माणसे इथे का बसली आहेत. आणखी थोडे थांबले की आई पुरती वळेल, ओठ उघडेल. मग गाईल. गाऊन झाले की पुन्हा पहिल्यापासून. तिचे गुडघे जमिनीला टेकले. शाल ओली झाली, तिला भान राहिले नाही.

पण तळ्यातल्या त्या नादशाळेत पाळणा कुठेच नव्हता. चंद्रकेतू अजून जन्मलाच नव्हता. तो तिकडे सिंहासनावर बसून होता, आणि आता जडपणा त्याच्या कमरेच्या वर चढला असेल.

तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात तळ्यात घातले.

सारे तळे हेलकावले. पाऱ्याचा सूर उठला. तो एका जागी ठरत नव्हता, घसरत होता, पुन्हा वर चढत होता. तिने एक थेंब काचेच्या कुपीत घेतला. पण लाटांनी सगळ्यांचीच चित्रे मोडली होती. शेजारी बसलेला एक म्हातारा ओरडला, "काय केलेस ग हे! माझी बायको आत्ता हसणार होती!"

"बाबा, मला क्षमा करा."

"आत्ता हसणार होती," म्हातारा पुटपुटला. मग त्याने आपल्या मांडीतले गवत पाहिले. ते उपटून टाकून तो कण्हत उभा राहिला. "गावाकडे माझी एक लेक होती," तो म्हणाला. "असेल अजून." एकेक करून बाकीचेही उठले.

भुयाराच्या दारावर सोन्याचे कुलूप होते. पाऱ्याचा थेंब टेकताच कुलूप पाण्यासारखे गळून पडले. आत डोंगराएवढी रास होती: मुकुट, लगडी, कंठे, थाळ्या, आणि साऱ्यावर धूळ. राशीवर राजा धवलकीर्ती बसला होता. तो मेला नव्हता. त्याची दाढी छातीपर्यंत सोन्याची झाली होती, आणि त्याने एक हात कानामागे धरला होता.

"कोण?"

"तात, मी सुवेला."

"तुला काही ऐकू येते का?"

"नाही, तात."

"मलाही नाही." राजाचा हात कानामागेच होता. "कधीच आले नाही. पण आज येईल, आज येईल, म्हणून बसून राहिलो."

सुवेला त्याच्याजवळ बसली. किती वर्षे तिने त्याच्यावर राग धरला होता! या क्षणासाठी तिने शब्दही जुळवून ठेवले होते. त्यांतला एकही तिच्या जिभेवर आला नाही.

"हे सोने कसे बोलते होईल?"

"त्याला त्याचा सूर कुणीतरी आठवून दिला पाहिजे. तो सूर तुझ्यात आणि माझ्यात उरला आहे, मधुमतीच्या आवाजात. पण जो देईल त्याच्याकडे तो राहत नाही, पोरी. या राशीचा तोच शाप आहे. मला ठाऊक होते. माझ्याने देववला नाही." त्याने प्रथमच तिच्याकडे पाहिले. "तूही देऊ नकोस. मग आपल्याकडे तिचे काय उरेल?"

सुवेलेने डोळे मिटले. तिने मनातल्या मनात एकदा तो आवाज ऐकून घेतला, अगदी पहिल्यापासून, मधल्या श्वासांसकट. आई शेवटच्या ओळीला नेहमी किंचित थकत असे, तेही ऐकून घेतले.

"तात, चंद्रकेतूने आईला एकदाही ऐकले नाही," ती म्हणाली.

राजाने कानामागचा हात खाली घेतला.

सुवेलेने तांब्याचे पीस राशीवर ठेवले, पाऱ्याची कुपी त्याच्याशेजारी, आणि सोलवटलेल्या घशाने ती गाऊ लागली:

"पानं मिटली, पाणी मिटलं, मीट ग तूही डोळे..."

एकेक ओळ ओठांबाहेर पडली तशी आतली जागा रिकामी होत गेली. तांब्याने सोबत धरली. पारा घसरत घसरत वर आला. आणि धुळीखालून, डोंगराच्या तळातून, सोन्याने सा लावला.

सारे राज्य उभे राहून ऐकू लागले. स्वयंपाकघरांतली पातेली बोलली, देवळांतल्या घंटा बोलल्या, दारांच्या कड्या, नांगरांचे फाळ, तान्ह्या पोरांचे वाळे बोलले. जडावलेले हात उचलले गेले. अडलेल्या जिभांनी आधी घरच्यांची नावे घेतली. भुयारात धवलकीर्तीने तो सूर ऐकला. "हीच," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे मिटले. सोन्याची दाढी पुन्हा पांढरी झाली. तो साध्या म्हाताऱ्या माणसासारखा लेकीच्या मांडीवर शांत झाला.

त्याला राणीशेजारी निरोप दिला. रास फोडली, आणि तिच्या थाळ्या करून गावोगावच्या नादशाळांत टांगल्या. आपल्या घरी सोने कोंडून ठेवायचे नाही, असा कायदा चंद्रकेतूने पहिल्यांदा केला तो राजवाड्यासाठी.

पुढे एका दुपारी भाऊबहीण नादशाळेच्या फरशीवर बसली होती. गोमती, आता वाकलेली, दाराशी होती. सोन्याची थाळी वाजत होती. चंद्रकेतू डोळे भरून ऐकत होता.

"अक्का," त्याने विचारले, "आई अशीच गात असे?"

सुवेलेने कान दिला. सूर गोड होता. कुठल्याशा परक्या गावच्या घंटेसारखा गोड. तिने आत शोधले. आईचे हात सापडले, बकुळीचा वास सापडला. आवाज नव्हता.

"मला सांगता येत नाही, चंद्रकेतू. माझ्याकडे तो राहिला नाही."

चंद्रकेतू तिच्याकडे पाहत राहिला. तिने काय दिले ते त्याला तोवर कुणी सांगितले नव्हते. त्याने तिचा हात धरला.

"हुबेहूब अशीच," दारातून गोमती म्हणाली. "सूर अगदी हाच. आणि गाण्याचे शब्द मला येतात की! माझा गळा मेला फुटक्या मडक्यासारखा, तेवढे चालवून घ्या."

"गा, गोमा," सुवेला म्हणाली.

गोमतीने खाकरून गळा साफ केला आणि गायला सुरुवात केली. आवाज खरखरत होता, चढाला चिरकत होता, दोनदा ताल चुकला. एक राजा आणि एक राजकन्या फरशीवर मांडी घालून बसली होती. दोघांनाही ते गाणे नवे होते. पहिली ओळ दोघांनी मिळून तिच्यामागून म्हणून पाहिली.