चांगलं लोखंड कुठून सुरू होतं

“आता यात पुसण्यासारखं काय होतं, चाचा?”

पिकअपच्या पोटाखाली उताण्या पडलेल्या रोहिदासनं विचारलं. त्याच्या डोळ्यांसमोर गाडीची चासी, सगळी गाडी पेलणारा लोखंडी सांगाडा, होती, आणि चासीवर आताच त्यानं खडूनं मारलेली रेघ होती. होती म्हणजे, आता नव्हती. तिथं नुसता ओला डाग उरला होता.

इसाकचाचांनी ती ओल्या फडक्यानं पुसली होती. सकाळपासून ही तिसरी.

चाचा फडकं पिळून मागच्या चाकाच्या रिकाम्या जागेसमोर, बुटक्या स्टुलावर जाऊन बसले.

दाभोळ खाडीच्या काठी इसाक परकारांची पत्र्याची शेड होती. चाळीस वर्षं ते गाड्यांच्या चासी जोडत आले होते. मासळीच्या गाड्यांचं दुखणं एकच. पाट्यांतलं, मासळीच्या टोपल्यांतलं, बर्फाचं खारट पाणी झिरपत खाली जातं आणि लोखंडाला आतून खातं. वरून डांबराचा हात मारला की गाडी नवरीसारखी दिसते, आणि आत पापुद्रे सुटलेले असतात.

रोहिदास भाटकर सात वर्षं आखातात तेलाच्या नळांना वेल्डिंग करून आला होता. दोन महिने चाचांकडे जुन्या गाड्यांचं काम बघून घ्यायचं, मग स्वतःचं गॅरेज टाकायचं, असा त्याचा बेत. चार महिने झाले होते. चाचांनी अजून त्याला ‘शाबास’ म्हटलं नव्हतं.

ही पिकअप द्वारका चोगलेची. एकोणीस वर्षांची जुनी. द्वारका स्वतः चालवायची. रोज पहाटे आठ बायका आपापल्या मासळीच्या पाट्या घेऊन हौद्यात बसायच्या आणि गाडी खिंड उतरून बाजाराला जायची. गेल्या आठवड्यात ऐन खिंडीत मागं ‘कट्’ असा आवाज आला, हौदा एका अंगाला कलला. बायका उतरल्या. पाट्या डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालत गेल्या.

रोहिदासनं खाली वाकून बघितलं होतं. मागच्या चाकाजवळ चासीला तळहाताएवढं भोक. त्यानं जागच्या जागी सांगून टाकलं, “वहिनी, शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन जा.”

आज शुक्रवार होता.

काम तसं सरळ. कुजलेला भाग कापायचा, तिथं नवा तुकडा जोडायचा. पण नवा तुकडा जोडायचा तो चांगल्या लोखंडाला. आणि चांगलं लोखंड कुठून सुरू होतं?

“वाजवत जा,” चाचा सकाळी म्हणाले होते. “चांगलं असेल तर बोलेल. तिथं रेघ मार.”

रोहिदासनं हातोडीनं वाजवलं. भोकापासून चार बोटांवर पहिली रेघ मारली. चाचांनी पुसली.

दुसरी चाकाच्या स्प्रिंगच्या अलीकडे. पुसली.

तिसरी थेट हौद्याच्या बोल्टांपाशी. तिच्यापलीकडे जायचं म्हणजे आख्खा हौदा उतरवायला हवा. तीही पुसली.

“चाचा, तिकडं आखातात माझ्या वेल्डिंगच्या एकेका टाक्याचा एक्सरे काढायचे,” रोहिदास खालूनच म्हणाला. “सात वर्षांत एक टाका परत आला नाही.”

“हं.”

“मी मारलेला टाका तुटणार नाही.”

“टाका कधीच तुटत नाही.”

“मग?”

चाचांनी दाढी खाजवली…

“टाक्याच्या शेजारचं तुटतं.”

रोहिदासनं दात आवळले. गंजाचा भुगा डोळ्यांत जात होता, पाठीखालचं पोतं घामानं भिजलं होतं. त्यानं हातोडी उचलली, एकदा वाजवलं, दोनदा वाजवलं आणि दोन बोटं पुढं, अगदी बोल्टांना टेकून, चौथी रेघ ओढली.

चाचा उठले. गुडघे दुमडले. वाकले. शांतपणे फडकं फिरवलं.

मग मात्र रोहिदासचं डोकं फिरलं. तो सरपटत बाहेर आला. खडू त्यानं समोरच्या भिंतीवर फेकला, त्याचे तीन तुकडे झाले.

“मग तुम्हीच वाजवा! तुम्हीच मारा रेघ! मी गप तुमच्या रेघेवर कापतो. सकाळपासून डोकं पिकवलंय नुसतं!”

त्यानं हातोडी पुढं केली. चाचांनी ती घेतली नाही.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“तू ओरडतोस ते येतं. लोखंडाचं येत नाही. बारा वर्षं झाली.”

रोहिदासला हसावं की हातोडी टाकून घरी जावं ते कळेना.

“लोखंडाचं येत नाही? मग चार रेघा पुसल्या त्या कशाच्या जोरावर?”

“तुझ्या तोंडाच्या.”

“माझ्या तोंडाच्या?”

“रेघ मारायच्या आधी दर वेळी तू कुठं बघितलंस?”

रोहिदासनं आठवून बघितलं.

पहिल्या वेळी त्यानं हौद्याच्या बोल्टांकडे बघितलं होतं. मग रस्त्याकडे, जिथून द्वारकावहिनी येणार होती. मग पुन्हा बोल्टांकडे. आणि चौथ्या वेळी सरळ चाचांकडे. हातोडीचा आवाज त्याला चारही वेळा ऐकू आला होता. बद्द. ओल्या लाकडासारखा. आला नव्हता असं म्हणायची सोय नव्हती.

तो पुन्हा गाडीखाली गेला. या वेळी डोळे मिटले.

थद्.

पुढं सरकला. थद्.

बोल्टांच्याही पलीकडे गेला. गंजाची खपली गालावर पडली. थद्.

ठण्.

त्यानं हात मागं घेतला. थद्. पुढं नेला. ठण्… तो सूर चासीतून निघून त्याच्या पाठीखालच्या जमिनीपर्यंत गेला.

भोकापासून दीड हात. हौदा उतरवायचा, डिझेलची टाकी सोडायची, आणि एक बाजू अशी म्हणजे दुसरीही बघायला हवी. चार दिवसांचं काम. रोहिदासनं मनातल्या मनात स्वतःला एक शिवी घातली.

“झाली का रे गाडी?”

द्वारका शेडच्या दारात उभी होती. रोहिदास बाहेर आला, हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

“नाही, वहिनी. मंगळवारी.”

“मंगळवार? शुक्रवार म्हणालास ना तू? आठ जणींना सांगून आलेय मी, उद्या या म्हणून!”

“चासी बरीच आतपर्यंत गेलीय.”

“मग मार की वरून पट्टी! आधीच्यानं मारली होती, दोन वर्षं निघाली.”

“मारतो. आत्ता मारतो, तासाभरात न्या. पण मग त्या आठ जणींना सांगा, खिंड आली की उतरून चालत या.”

द्वारकाचा आवाज चढला. “शुक्रवार म्हणताना तुझ्या जिभेला हाड नव्हतं?”

“नव्हतं, वहिनी. चुकलं माझं. न वाजवताच बोललो.”

तिनं चाचांकडे बघितलं, म्हातारा तरी काही बोलेल म्हणून. म्हातारा विडी पेटवण्यात गुंतला होता.

“मंगळवार म्हणजे मंगळवार,” ती म्हणाली आणि चपला फटफटवत निघून गेली. वळणापर्यंत तिचं बडबडणं ऐकू येत होतं.

रोहिदासनं खडूचा एक तुकडा शोधला आणि तिसऱ्यांदा गाडीखाली शिरला. पुन्हा वाजवलं. ठण्. बोटानं गंज झाडला आणि ठसठशीत रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

मग सवयीनं चाचांकडे मान वळवली.

स्टूल रिकामं होतं. चाचा शेडच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरे, नव्या पत्र्यावर वितीनं माप घेत होते. एक, दोन, तीन विती, म्हणजे बरोबर दीड हात; हातोडी कुठं थांबली ते त्यांनी बघून ठेवलं होतं.

“चाचा! रेघ मारली!”

चाचांनी पत्र्यावर खूण केली.

“अहो चाचा! बघा तरी एकदा!”

चाचांनी मान वळवली नाही.

“मी बघावी म्हणून मारली असशील, तर पुसावी लागेल.”