डोहातली अंबाडी

त्या साली आपले झुंबरनाथ महाराज कोळनेरला मुक्कामाला होते, नदीकाठच्या चिंचेखाली. पौष लागलेला, नदीची धार तुटलेली, उरला होता एकच डोह. आणि त्याच डोहात हैबतराव पाटलाने अंबाडीच्या शंभर पेंढ्या कुजत घातल्या! दोरखंडासाठी हो. पाण्यात कुजल्याशिवाय अंबाडीचा वाख, म्हणजे दोराचा धागा, सुटत नाही ना. दरसालच घालायचा तो, पण दरसाल नदी वाहती असायची.

चार दिवसांत पाणी काळं पडलं. मासे पोट वर करून तरंगायला लागले. काठच्या विहिरींतही तोच पाझर. मग घराघरात ओकाऱ्या आणि हगवण. आठवड्यात सहा तिरड्या उठल्या.

महाराजांनी पाटलाला दोनदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "महाराज, तुम्ही भजन बघा, अंबाडी मी बघतो."

ऐकलं ते गावातल्या एकट्या धुरपा नावाच्या बाईने. महाराजांनी सांगितलं तसा तिने डोहापासून लांब, वरच्या अंगाला, वाळूत झिरा उकरला. करवंटीने पाणी वेचायचं, फडक्यातून गाळायचं. दिवसाकाठी एक घागर. तांदळाचं धुवणसुद्धा शेळीला जायचं. पाटील वाटेत गाठून हसायचा, "काय गं धुरपे, नदी उशाला असून वाळू चाटतेस?" ती मान खाली घालून निघून जायची. घरी तिचा नवरा राणबा आजारी पडलेला, त्या घागरीवरच तगून होता.

आणि मग पाटलाची लेक मैना, बाळंतपणाला माहेरी आलेली, तीच आजारी पडली. वैद्य म्हणाले, डोहाचं पाणी पोटात गेलं तर संध्याकाळ दिसायची नाही. पाटील धुरपाच्या दारात.

"धुरपे, घागर दे."

झिरा सकाळीच आटला होता. घागर कडेवर घेऊन ती चिंचेखाली धावली, मागोमाग पाटील. "महाराज, द्यावी तर माझा माणूस जातो, न द्यावी तर ह्यांची पोर जाते. मी काय करू?"

महाराज म्हणाले, "करवंटीने दे, माय. आधी राणबाला, मग मैनाला, मग येईल त्याला. थेंब सांडू नकोस, घागरीत डोकावू नकोस." आणि पाटलाला म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर."

महाराज स्वतः डोहात उतरले, गळ्यापर्यंत, त्या घाणीत! पाटील काठावर थबकला, मग तोही उतरला. एकेक पेंढी ओढून बाहेर. इकडे धुरपा ओततेय. दहा करवंट्या झाल्या, वीस झाल्या, सगळा गाव रांगेला लागला, आणि घागर हलकी होईना. पण बाईने आत डोकावलं नाही. दिवस मावळताना शेवटची पेंढी काठावर पडली आणि करवंटी घागरीच्या तळाला खरडली.

राणबा वाचला. मैनाही वाचली. तिच्या पोटातलं लेकरू नाही वाचलं.

पाटील चिखलाने माखलेला तसाच महाराजांसमोर आला. वाकला, तर महाराजांनी पाय मागे घेतले. "थांब. डोहातले पाय आहेत, धुतलेले नाहीत."

"घाण माझीच आहे, महाराज," पाटील म्हणाला आणि त्याने कपाळ टेकवलं.

उठला तेव्हा कपाळ काळं झालेलं. कोणीतरी ते धुवायला आपल्या वाटणीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. पाटलाने तो हळूच मागे सारला.

"राहू द्या. कोणाच्या तरी घशाला लागेल."