धाकटे खजिनदार आणि पेवातली म्हातारी

एकदा काय झालं, एका राज्यात दोन खजिनदार होते. एक थोरले, एक धाकटे. थोरल्यांचं नाव दुर्गोजीराव, धाकट्यांचं केरोपंत. आपली गोष्ट केरोपंतांची आहे, बरं का.

आता तुम्हाला वाटेल, खजिना म्हणजे सोनंनाणं, हिरेमोती. तर तसं नाही. त्या राज्याचा खजिना म्हणजे राजवाड्याच्या परसातलं एक पेव. जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. वरती अरुंद तोंड, आत शिडी, आणि खाली हे एवढं मोठं पोट. त्यात ज्वारीची रास. आणि त्या राशीवर बसलेली एक म्हातारी. केवढी म्हणाल, तर वांग्याएवढी. डोक्यावर पदर, आणि कपाळाला कायमची आठी. तिचं एकच सांगणं. भुकेल्यासाठी न्याल, तर सकाळपर्यंत रास होती तेवढी होईल. मिरवण्यासाठी न्याल, तर गेलेलं परत येणार नाही.

मग या दोघांची कामं काय? तर थोरल्यांनी राजाला हो म्हणायचं, आणि धाकट्यांनी ते निभवायचं. राजाने काहीही मागितलं की दुर्गोजीराव मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "होऊन जाईल, महाराज. धाकटे बघतील." आणि पुढे कुणी दरबारात जाब विचारला, की उत्तर द्यायला उभं राहायचं तेही धाकट्यांनीच. केरोपंतांच्या जिवाला किती वैताग असेल, बघा.

एकदा राजाच्या हत्तिणीला पिल्लू झालं. राजा म्हणाला, "बारसं करू. सगळ्या मानकऱ्यांना पंगत घालू." थोरले म्हणाले, "धाकटे बघतील." मग केरोपंत शिडी उतरून खाली गेले.

म्हातारी म्हणाली, "कुणासाठी?"

"हत्तीच्या बारशाला मानकरी जेवणार आहेत."

"मग हा दाणा तोंडात टाक. ज्याच्यासाठी मागतोस, त्याची भूक तुला लागेल."

केरोपंतांनी दाणा तोंडात टाकला. आणि भूक कसली, पोट ढोलासारखं फुगलं. ढेकरांवर ढेकर. म्हातारी म्हणाली, "ने. पण हे परत यायचं नाही." केरोपंत वर आले आणि राजाला सगळं सांगायला लागले. राजा म्हणाला, "अजीर्ण झालं असेल तुम्हाला. ओवा खा."

मग काही दिवसांनी राजाला वाटलं, शेजारच्या राजाकडे दगडाचा किल्ला आहे, तर आपण लाडवांचा बांधू. बुरूज लाडवांचे, तट लाडवांचा. ज्वारी देऊन तूप आणा, गूळ आणा. थोरले म्हणाले, "का नाही? धाकटे बघतील." पुन्हा केरोपंत खाली. पुन्हा म्हातारीचं, "कुणासाठी?" केरोपंत म्हणाले, "कुणी खाणार नाही, आजी. नुसता बघायचा आहे." दाणा तोंडात टाकला तर त्याला चवच नाही. ओली माती चघळावी तसं झालं.

म्हातारी भडकली. "अरे, दर वेळी तूच कसा येतोस? ज्याच्या मनात येतं त्याला पाठव ना."

"ते यायचे नाहीत, आजी."

"मग तू नाही म्हण."

"मी नाही म्हणून काय उपयोग? थोरल्यांनी आधीच हो म्हटलेलं असतं."

किल्ला बांधला. पहिल्याच दिवशी मुंग्या लागल्या, नि आठवडाभरात तट ढासळला. पेवातली रास निम्म्याहून खाली गेली.

केरोपंत घरी आले की पाटावर नुसते बसून राहायचे. बायको यमुना म्हणायची, "अहो, भाकरी गार होतेय." तर म्हणायचे, "वर राजा ओरडतो, खाली म्हातारी ओरडते. मी शिडीवरच राहायला जातो. तिथे तरी कुणी नसतं."

मग त्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या. शेतं करपली. आणि राजाच्या डोक्यात काय यावं? त्याचे सासरे यायचे होते. तो म्हणाला, "वेशीपासून वाड्यापर्यंत रस्त्यावर ज्वारीचा गालिचा घाला. सासरेबुवांच्या घोड्यांच्या टापा धुळीत पडायला नकोत." थोरल्यांनी मिशीवर हात फिरवला. "होऊन जाईल, महाराज. धाकटे बघतील."

त्याच दिवशी दरबारात पाणझरी गावची मंजुळा आली. सडसडीत बाई, पायांना भेगा, दूरवरून चालत आलेली. ती म्हणाली, "महाराज, गावातली पोरं चिंचोके भाजून खातायत. आता चिंचोकेही संपले. आम्हाला ज्वारी द्या."

राजाने थोरल्यांकडे बघितलं. थोरले म्हणाले, "का नाही, बाई? धाकटे बघतील."

आता सांगा, तीच ज्वारी घोड्यांनाही कबूल आणि पोरांनाही. केरोपंतांना माहीत होतं, पेवात एकाच कामापुरती रास उरली आहे. त्यांनी डोक्यावरची पगडी काढली. कमरेची किल्ली काढली. दोन्ही दरबाराच्या मधोमध ठेवली आणि तिथेच मांडी घालून बसले.

"केरोपंत, हे काय?" राजा म्हणाला.

"धाकट्यांनी पुष्कळ बघितलं, महाराज. आता थोरल्यांनी बघावं. ही किल्ली. शिडी परसात आहे."

राजाचा चेहरा लाल झाला. "दुर्गोजीराव, जा. आणा ज्वारी."

थोरले गेले. पण त्यांचा घेर केवढा. पेवाच्या तोंडात ते जे अडकले, ते ना खाली जाईनात ना वर येईनात. शिपायांनी काखेत दोर घालून ओढून काढले. मग राहिला कोण? राजा होता शिडशिडीत. चिडून म्हणाला, "मीच जातो. काय मोठं आहे त्यात?"

केरोपंत वरती शिडी धरून वाकून उभे राहिले. शेजारी मंजुळा. खालून म्हातारीचा आवाज आला, "कुणासाठी?"

"सासरेबुवांच्या घोड्यांच्या टापांसाठी."

"टाक दाणा तोंडात."

लगेच थुंकल्याचा आवाज आला. टापांना भूक कुठली असायला? दाण्याचा खडा झाला होता.

म्हातारी म्हणाली, "आता त्या वरच्या बाईसाठी मागून बघ."

मग खालून दाणा चावल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ कुणीतरी हाक मारली. राजाचाच आवाज, पण असा बारीक की ओळखू येईना.

"केरोपंत, मला वर चढता येत नाहीये. पाय लटपटतायत. पोटात कुणी पीळ घालतंय. काही खायला आहे का?"

केरोपंत लगेच धावले असते. पण त्यांनी शिडी तशीच धरून ठेवली. "देतो, महाराज. आधी पाणझरीचं काय, ते सांगा."

"द्या. सगळं द्या त्यांना. आत्ताच्या आत्ता द्या. अशा पोटी ती पोरं चालतात कशी?"

मंजुळेने तोंडाला पदर लावला. केरोपंत खाली उतरले आणि राजाला पाठीवर घेऊन वर आले, नि त्याला भाकरी दिली.

मग पोती भरली, गाड्या जुंपल्या, नि संध्याकाळच्या आत ज्वारी पाणझरीच्या वाटेला लागली. पेव रिकामं झालं, अगदी तळ दिसायला लागला. आणि सकाळी बघतात तर काय? रास काल होती तेवढी परत आलेली, आणि म्हातारी तिच्यावर डाराडूर झोपलेली. कपाळाला आठी नाही. मग पाऊस येईपर्यंत गावोगाव गाड्या गेल्या, आणि रास काही घटली नाही. सासरेबुवांचे घोडे आले ते धुळीतून आले. त्यांचं काही बिघडलं नाही.

राजा म्हणाला, "केरोपंत, आजपासून तुम्ही थोरले."

केरोपंत म्हणाले, "नको, महाराज. त्या गादीवर बसलं की मीही हो म्हणायला लागेन. फक्त एक करा. जो हो म्हणेल, त्याने शिडी उतरायची."

राजाने तसं फर्मान काढलं. तेव्हापासून दुर्गोजीराव काहीही मागितलं की म्हणायला लागले, "थोडं थांबा, विचार करून सांगतो."

फर्मान निघालं त्या दिवशी केरोपंत उजेड असतानाच घरी आले. हातपाय धुतले, यमुनेला म्हणाले, "तूही ताट घे, बरोबरच बसू." दोघांनी गरम भाकरी खाल्ली, वर ताक प्यायलं. मग ते जे आडवे झाले, ते पार उन्हं वर येईपर्यंत झोपले. पाणझरीची पोरंही पोटभर जेवून झोपली. सगळे सुखात राहिले. आता तुम्ही डोळे मिटा बघू, मी दिवा बारीक करते.